‘आहे की नाही’ या प्रश्नाची कुळकथा

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथील एखादा खातेदार आपल्या शेताचा सातबारा मागावयास जातो तेव्हा तो केवळ गट क्रमांक उच्चारतो, आणि त्या क्रमांकाच्या आधारे भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार व पीकपाणी असा सारा तपशील त्याच्या हाती पडतो. संगणकशास्त्र ज्यांस किल्ली आणि मूल्य म्हणते, ती जोडी महसूल दप्तरात फार पूर्वीपासून नांदत आली आहे. मात्र तपशिलापूर्वी एक प्रश्न उभा असतो, तो हा की, असा क्रमांक दप्तरी मुळात आहे काय? रुमालाची गाठ न सोडताच त्याचे उत्तर मिळावे, या इच्छेतून एक स्वतंत्र विद्या जन्मास आली.

तिचा मूळ पुरुष हान्स पीटर लून. जन्माने जर्मन असलेल्या या गृहस्थाने प्रथम कापडातील धागे मोजण्याचे उपकरण निर्मिले, हे कपाशीच्या मुलुखातील वाचकाने अवश्य ध्यानी घ्यावे. १९५३ साली आयबीएममध्ये असताना त्याने असे सुचविले की, किल्लीवरच काही अंकगणित करून नोंद कोणत्या कप्प्यात असेल हे ठरवावे, म्हणजे सारी यादी धुंडाळावी लागणार नाही. क्रमांक लिहिताना झालेली चूक त्याच क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून उघडकीस आणण्याची युक्तीही त्याचीच.

पुढचे पाऊल १९७० साली बर्टन ब्लूम याने टाकले, आणि माझ्या मते या कुळातील सर्वांत तेजस्वी कल्पना तीच होय. आरंभी शून्यांनी भरलेली एक पट्टी घ्यावी; प्रत्येक किल्लीवर निरनिराळी गणिते करून येतील त्या स्थानी एक मांडावा; पुढे कोणी किल्ली विचारल्यास तिचीच स्थाने तपासावी. त्यांपैकी एकही शून्य आढळले, तर ती किल्ली निःसंशय नाही. सर्वत्र एक असेल, तर ती बहुधा आहे, तेव्हा दप्तर उघडावे. प्रत्येक किल्लीमागे सुमारे दहा बिटे खर्चिली असता, नसलेल्या किल्लीस चुकून ‘असेल’ म्हणण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास राहते; परंतु असलेल्या किल्लीस ‘नाही’ असे ही पट्टी कदापि म्हणत नाही. चकतीवरील मंद वाचन टाळण्यासाठी गूगलच्या बिगटेबल या माहितीभांडाराने हीच पट्टी वापरल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. २००९ साली अवतरलेल्या रेडिस या किल्ली-मूल्य भांडाराला तिची निकड नव्हती. त्याचा सारा संग्रह स्मृतीतच असल्याने ‘एक्झिस्ट्स’ ही आज्ञा थेट विचारते, आणि अनेक किल्ल्या दिल्यास किती आहेत तेवढे सांगते.

महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो आधारमुळे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिला क्रमांक दिला गेला. बारा अंकांतील शेवटचा अंक डच गणिती फेरहूफ याच्या रीतीने काढलेला असल्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर नोंदवही न उघडताच चूक कळते. पडताळणीचे मूळ उत्तरही ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. कापूस वेचून व विळा धरून ज्या मजुराच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्याचा क्रमांक अस्तित्वात असूनही शिधावाटपाचे यंत्र त्यास ‘नाही’ म्हणू शकते, कारण तेथे किल्लीचे अस्तित्व नव्हे, तर ठशाचे साम्य तपासले जात असते. ब्लूमच्या ‘नाही’ला जी निश्चिती आहे ती या ‘नाही’ला नाही, म्हणून असा नकार आल्यास दुकानदाराने शिधापत्रिका व नोंदवही पाहून, दुसऱ्या मार्गाने खातरजमा करून, धान्य त्याच दिवशी मापून दिले पाहिजे.