चित्रपट-डिस्कसाठी व्हिडिओ कॉम्प्रेशन

चित्रपट-डिस्कसाठी व्हिडिओ कॉम्प्रेशन म्हणजे उच्च दर्जाच्या (हाय डेफिनिशन) चित्रपटातील दृश्यमाहिती डिस्कच्या ठरावीक क्षमतेत मावेल इतकी कमी करण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत माहितीचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो. त्यामुळे काय राखायचे व काय सोडायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगला महत्त्व येते.

१९२० × १०८० बिंदूंचा, सेकंदाला २४ चौकटींचा दोन तासांचा चित्रपट कॉम्प्रेशनविना साठवल्यास, रंगमाहिती नेहमीच्या रीतीने घटवूनही, सुमारे ५३७ गिगाबाइट जागा लागते. एकपदरी ब्लू-रे डिस्कची क्षमता २५ गिगाबाइट, तर एकपदरी डीव्हीडीची ४.७ गिगाबाइट असते. लागोपाठच्या चौकटींत बरेचसे चित्र तेच असते. म्हणून बदललेला भाग तेवढा नोंदवून ही बचत साधली जाते. स्तब्ध वाड्याच्या दृश्यास थोडी माहिती पुरते. पाऊस, नदीचे पाणी किंवा यात्रेतील गर्दी यांस बरीच लागते.

'''बिटरेट'''

डिस्कची क्षमता बिटमध्ये मोजून तिला चित्रपटाच्या सेकंदांनी भागले की सरासरी बिटरेट मिळतो. अडीच तासांच्या (९,००० सेकंद) चित्रपटासाठी २५ गिगाबाइटच्या डिस्कवर तो सेकंदाला सुमारे २२ मेगाबिट येतो. ध्वनी, उपशीर्षके व थोडी मोकळी जागा वजा करता चित्रासाठी २० मेगाबिटच्या आसपास उरतात, आणि एच.२६४ पद्धतीत तेवढे सहसा पुरेसे असतात. डीव्हीडीवर हाच हिशेब जेमतेम ४ मेगाबिटवर येतो. तेथे चित्र १२८० × ७२० बिंदूंचे करणे अधिक शहाणपणाचे. मात्र साध्या डीव्हीडी प्लेअरवर अशी फाइल सहसा चालत नाही. त्यास एमपीईजी-२ पद्धतीचे ७२० × ५७६ बिंदूंचे चित्र लागते. त्याआधीच्या व्हीसीडीवर ३५२ × २८८ बिंदूंचे चित्र असूनही एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावे. मराठी चित्रपट दोन डिस्कमध्ये मिळत आणि मध्यंतराच्या सुमारास उठून डिस्क बदलावी लागे, ते यामुळेच.

डिस्क नेमकी भरायची असल्यास 'दोन फेऱ्यांची' पद्धत वापरतात. पहिल्या फेरीत अवघड दृश्ये शोधली जातात व दुसऱ्या फेरीत त्यांना जास्त बिट दिले जातात. आकाराचे बंधन नसल्यास स्थिर दर्जाची (सीआरएफ) पद्धत बरी. एक्स२६४ या प्रणालीत तिचे मूळ मूल्य २३ असते. ते सुमारे ६ ने कमी केल्यास फाइल साधारण दुप्पट होते. संथ प्रीसेट निवडल्यास तेवढ्याच जागेत चित्र अधिक चांगले बसते, पण वेळ पुष्कळ लागतो. जालन्यासारख्या जिल्ह्यात भारनियमनाच्या दिवसांत रात्रभर चाललेले काम वीज जाताच वाया जाते, म्हणून मध्यम प्रीसेट व्यवहार्य ठरतो. सर्वांत संथ प्रीसेटला तिच्या कर्त्यांनीच 'प्लासिबो', म्हणजे केवळ मनाचे समाधान करणारे औषध, असे नाव दिले आहे.

'''जुने चित्रपट'''

प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) सारख्या कृष्णधवल चित्रपटांत रंगाची माहिती नसते, तरी ते कॉम्प्रेशनला सोपे नसतात. फिल्मवरील बारीक कण (ग्रेन) प्रत्येक चौकटीत बदलतात आणि प्रणालीस तो खराच बदल भासतो. कण पुसून टाकल्यास फाइल लहान होते, पण चेहरे मेणाचे दिसू लागतात. अशा वेळी 'ग्रेन' हे सेटिंग निवडून बिटरेट वाढवणे योग्य.

डिस्कवरील प्रत पाहण्यासाठी असते. तिला जतनप्रत मानता येत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील जुन्या नायट्रेट फिल्मची अनेक रिळे २००३ च्या आगीत नष्ट झाली. मूळ फिल्म गेल्यावर उरलेल्या प्रतीतून वगळलेला तपशील परत मिळवता येत नाही. कॉम्प्रेस केलेल्या प्रतीवरून पुन्हा कॉम्प्रेशन केल्यास झेरॉक्सच्या झेरॉक्सप्रमाणे दर्जा आणखी घसरतो. म्हणून कॉम्प्रेशन न केलेली किंवा माहिती न गमावता कॉम्प्रेस केलेली प्रत वेगळी ठेवतात. घरी लिहिलेल्या बहुतेक सीडी व डीव्हीडींतील सेंद्रिय रंगद्रव्य ऊन व उष्णतेने बिघडते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जात असल्याने त्या पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीजवळ न ठेवता अधूनमधून तपासून नव्या डिस्कवर उतरवाव्या लागतात.