चौदा जानेवारीचं वाण

मंडळी, आष्टी म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो. इतिहासाच्या पुस्तकात आष्टी दोनदा येते आणि दोन्ही वेळा ती आपली नसते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जिथं पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली. ऑगस्ट १९४२मध्ये चिमूरच्या जोडीनं जिचं नाव देशभर गेलं, ती वर्ध्याची. आपल्या बीडच्या आष्टीच्या नावावर पुस्तकात अशी लढाई नाही.

मग आपल्याकडं फौजेचा इतिहास नाही का? आहे की! तो काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोत आहे आणि घडी घालून ठेवलेल्या गोधडीत आहे. ट्रंक आणि फोटोबद्दल कुणीतरी बोलतं. गोधडीबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, सवडीनं वाचा.

आधी आपला भाग समजून घेऊ. १९४८पर्यंत आष्टी निजामाच्या राज्यात होती आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांच्या. मधे फक्त हद्द, पण दोन वेगळी सरकारं. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंबाजोगाईला (तेव्हाचं मोमिनाबाद), हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी होती. १९०३मध्ये ही कंटिन्जन्ट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातूनच पुढं डेक्कन हॉर्स नावाचं रिसालं उभं राहिलं. १४ जुलै १९१६ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड इथं मशीनगनच्या काळात भाले घेऊन घोड्यावरून चाल करणारे जे स्वार होते, त्यांत हे डेक्कन हॉर्स होतं. हेच रिसालं १९६५ला पंजाबात असल उत्तरच्या रणगाड्यांच्या लढाईत लढलं. आणि रणगाड्याचं शिक्षण देशात कुठं मिळतं? आपल्या शेजारी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये. २३ सप्टेंबर २०२२ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून तर हे अंतर एका गाडीचं झालं. पहाटे आपल्याकडच्या रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं बघितली की कळतं, फौज आपल्याला लांबची नाही.

आता मुद्द्यावर येतो. फौजेत गेलेल्याची नोंद होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतकी माणसं लढाईला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले, म्हणून गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. पाटीवर आकडे आहेत. पण त्या आकड्यांच्या मागं जी घरं होती, त्या घरांतल्या बायांनी चार-चार वर्षं काय केलं, हे कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

बायांनी जे केलं त्यातलं बरंचसं सुई-दोऱ्याचं होतं. पहिल्या महायुद्धात मुंबईला लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं युद्ध मदत निधीची महिला शाखा होती. टाऊन हॉलमध्ये सैनिकांसाठी आणि इस्पितळांसाठी कपडे शिवले जायचे. त्याच लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं १९१७मध्ये जखमी होऊन अपंग झालेल्या सैनिकांना हातचा हुन्नर शिकवणारी संस्था सुरू झाली. आज ती पुण्याजवळ खडकीला आहे, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. हात गेला, पाय गेला, तरी उरलेल्या अंगानं काम करून पोट भरता यावं, ही त्यामागची कल्पना. सन्मानाची ही व्याख्या मला फार पटते.

नंतर आलं १९६२. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, तेव्हा नामका चू नदीच्या काठी आपले जवान उन्हाळी सुती कपड्यांत उभे होते. ही बातमी देशात पसरली आणि घराघरात लोकरीचे गुंडे आले. शाळेतल्या मुलींपासून म्हाताऱ्या आज्यांपर्यंत बाया स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. राष्ट्रीय संरक्षण निधीत अंगावरचं सोनं दिलं ते वेगळंच. नोव्हेंबरात आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण आजही भाषणात ऐकतो. पण सह्याद्रीबरोबर लोकरीच्या सुयाही धावल्या होत्या, हे कुणी म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या स्वेटरांच्या मागं एक कडवट गोष्टही आहे. जे सरकारनं वेळेवर द्यायला पाहिजे होतं, ते घरच्या बायांना विणावं लागलं. हाताच्या कामाचं कौतुक करताना हे विसरू नये.

आता आपल्या घरातली गोधडी. आपल्याकडं कुणी तिला वाकळ म्हणतं. दुकानात कापड घेऊन गोधडी शिवायची पद्धत अलीकडची. मूळ गोधडी म्हणजे घरात जे जुनं झालं त्याचा हिशेब. वर-खाली विरलेलं लुगडं, मधे धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे. कडेपासून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. टाका जितका बारीक तितकी गोधडी टिकाऊ. दुपारची कामं उरकली की ओसरीवर दोघी-तिघी बसतात, दोन्ही बाजूंनी शिवत येतात, गप्पा चालतात. एका गोधडीला सहज महिना जातो.

या गोधडीचा प्रवास बघा. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या बैलगाडीत, ट्रकमध्ये ती असते. शिकायला पुण्याला गेलेल्या पोराच्या खोलीत असते. आणि पहिल्यांदा भरती होऊन निघालेल्या पोराच्या सामानातही आई ती कोंबते. तिकडं गणवेश, बूट, ब्लँकेट सगळं सरकारी मिळतं. घरचं म्हणून जे काही जातं ते डब्यातले लाडू आणि ही गोधडी. लाडू आठ दिवसांत संपतात. पुढं तो सुट्टीवर येतो, जुनी खाकी नाहीतर ऑलिव्ह ग्रीन पँट टाकून जातो आणि घरातलं जुनं कापड जिथं जातं तिथंच तीही जाते. म्हणजे फौजीच्या घरातल्या गोधडीत आजीचं लुगडं आणि नातवाचा गणवेश एकाच टाक्यानं जोडलेला सापडू शकतो. ज्या घरात डायरी लिहायची सवय नव्हती, पत्रंही दुसऱ्याकडून लिहून-वाचून घ्यावी लागत होती, त्या घराची ही वहीच आहे.

कापडानं मान देणं आपल्याला नवीन नाही. मराठेशाहीत पद मिळालं की वस्त्रं मिळायची. ‘पेशवाईची वस्त्रं’ हा शब्द त्यातूनच आला. पराक्रम केला की शेला-पागोटं. पण त्या राज्यानं कापडाबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती, बालपरवेशी. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटासाठी नेमून दिलेली तरतूद. म्हणजे मानाला वस्त्र आणि पोटाला बालपरवेशी, दोन्ही एकत्र. आज आपण यातली पहिली अर्धी बाजू तेवढी उचलली आहे. माजी सैनिकाला स्टेजवर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, पुढचं नाव पुकारतो. शाल कुठून आली तर दुकानातून, गठ्ठ्यानं. घरी त्या शाली कपाटात साठत जातात. देणाऱ्याचा त्यात वेळ नाही, हात नाही, म्हणून घेणाऱ्यालाही ती कुणाची हे आठवत नाही.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅथरीन रॉबर्ट्स नावाच्या बाईंचा मुलगा इराकच्या युद्धावर गेला होता. २००३मध्ये त्यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांना हातानं शिवलेली गोधडी द्यायची चळवळ सुरू केली. तिचं नाव ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’, म्हणजे शौर्याच्या गोधड्या म्हणा ना. आजवर तीन लाखांहून जास्त गोधड्या दिल्या गेल्या. त्यांचा एक नियम मला महत्त्वाचा वाटतो: गोधडीला मागं कापडाची पट्टी लावायची आणि तिच्यावर ती कुणी शिवली, कुणाला दिली हे लिहायचं. नोंद तिथंच होते, कापडावरच.

मंडळी, गोधडी आपली, आज्यांपासून चालत आलेली. आणि तिचं मानाचं वस्त्र केलं त्यांनी!

आता तारीख बघा. १४ जानेवारी १९५३ला फील्ड मार्शल करिअप्पा, आपले पहिले भारतीय सरसेनापती, निवृत्त झाले. त्या आठवणीत २०१६पासून १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. मराठी माणसाला ही तारीख वेगळ्या कारणानं पाठ आहे: १४ जानेवारी १७६१, पानिपत. जे परतले नाहीत त्यांचा दिवस. आता तोच दिवस परतलेल्यांचाही झाला. आणि त्याच सुमाराला आपली संक्रांत असते. हळदी-कुंकू असतं, वाण लुटलं जातं. प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या घरोघर फिरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. या संक्रांतीला गावातल्या एका बचत गटानं एक गोधडी शिवावी. एकच. गावातल्या सगळ्यात वयस्कर माजी सैनिकाला, वीरमातेला नाहीतर वीरपत्नीला ती द्यावी. शिवताना त्यांच्या घरात जाऊन बसावं, त्यांच्याकडचं एखादं जुनं कापड मागून घ्यावं. आणि हो, घरात पन्नास वर्षं ज्या बाईनं गोधड्या शिवल्या, तिलाच पहिला टाका घालायला सांगावं. शिवता शिवता गोष्टी निघतात: कोणती पलटण, कोणतं ठाणं, मनीऑर्डर कधी यायची, तार आली की पोटात कसा गोळा यायचा. ते कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करावं. १९६५ आणि १९७१ बघितलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांची वाट बघत बसलेल्या बायकाही. दर वर्षी यातले काही जण कमी होतात.

करताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, गोधडीवर अशोकचक्रासह तिरंगा काढायचा मोह होईल, तो टाळा. राष्ट्रध्वज उशा, रुमाल, कपडे यांवर भरणं किंवा छापणं १९७१च्या राष्ट्रसन्मान कायद्यात बसत नाही. ध्वजाचा मान ध्वज म्हणूनच ठेवावा. तो आपल्या मराठवाड्यातच, नांदेडच्या खादी समितीत, उदगीरच्या कापडावर शिवला जातो, याचा अभिमान बाळगावा. दुसरी, बाजारातून फौजेच्या छापाचं कापड आणू नका. २०२२मध्ये आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्क सैन्यानं नोंदवले आहेत आणि तो बाहेर विकायला परवानगी नाही. घरातला जुना सदरा पुरे.

आणि पोटाची बाजू विसरू नका. २०२० साली राज्य सरकारनं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी घरपट्टी माफीची योजना आणली. तुमच्या ग्रामपंचायतीत ती किती जणांना मिळते, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. पेन्शनच्या कागदात नाव चुकलंय, दाखला अडलाय, म्हणून एखादी म्हातारी बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकटी हेलपाटे घालत असेल, तर गावातल्या शिकल्या पोरानं तिच्यासोबत जावं. एक दिवस मोडेल. गोधडीला महिना लागतो, त्यापुढं हा एक दिवस काहीच नाही.

गोधडी तयार झाली की मागच्या बाजूला एक पांढरी पट्टी लावा. तिच्यावर काळ्या दोऱ्यानं गावाचं नाव, शिवणाऱ्या बायांची नावं, ज्यांना दिली त्यांचं नाव आणि साल. दगडावर आजवर फक्त गेलेल्यांचे आकडे आले. निदान कापडावर तरी शिवणाऱ्या बायांची नावं येऊ द्या.