नक्कल आणि साक्ष

कशेडीचा घाट उतरून उत्तरेकडे आले म्हणजे पोलादपूर लागते. घाटाखालून बोगदा झाल्यापासून प्रवासी या गावावरून अधिकच घाईने निघून जातात. पूर्वी वळणे घेऊन शिणलेली एस. टी. येथे चहासाठी थांबे, तेवढाच काय तो गावाशी परिचय. परंतु ज्यास मराठ्यांच्या इतिहासाची थोडीबहुत गोडी आहे त्याने पोलादपुरास दोन घटका अवश्य थांबावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांस सांगत आलो आहे. तेथे कवींद्र परमानंदाची समाधी दाखवितात. परमानंद मूळचा नेवाशाचा. शिवछत्रपतींच्या चरित्रावर त्याने संस्कृतात ‘शिवभारत’ नावाचे काव्य रचिले. कवी सावित्रीच्या खोऱ्यात विसावला, आणि त्याचे काव्य मात्र आम्हांस सापडले ते शेकडो मैलांवर, कावेरीकाठी, तंजावरास! या एका गोष्टीत दप्तरांचे पुष्कळसे शास्त्र साठविलेले आहे असे मला वाटते. आणि ते पुन्हा उलगडून पाहण्यास नुकतेच एक निमित्त घडले.

महाडास माझे एक स्नेही आहेत. घराणे जुने, खोतीचे. २०२१ च्या जुलैत सावित्रीचा पूर महाडात शिरला, तेव्हा त्यांच्या माजघरातील लाकडी पेटी पाण्याखाली गेली. पेटीत मोडी कागदांचे पाच रुमाल होते. त्यांपैकी दोहोंचा लगदा झाला. तीन उन्हात वाळवून कसेबसे वाचले. त्यांचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने अशी योजना आणली की, उरलेल्या कागदांची छायाचित्रे घ्यावी, ते वाचून त्यांविषयीच्या प्रश्नांस उत्तरे देण्याकरिता कृत्रिम बुद्धीचा एक एजंट नेमावा, आणि त्या एजंटाची स्मृती कोण्या एका कंपनीच्या कोठीत न ठेवता जगभरच्या संगणकांवर विखरून कायमची ठेवून द्यावी. “काका, मग कितीही पूर येवोत!” असे तो म्हणाला. मला बोलावणे होते ते मोडी वाचण्यासाठी. पण या योजनेवरही मत द्यावे असा स्नेह्यांचा आग्रह पडला.

हे एजंट म्हणजे काय, हे वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. भाषा जाणणारी जी यंत्रे आज प्रचारात आहेत, ती विद्येने मोठी, पण स्मरणाने कोरी असतात. एक संभाषण संपले की त्यातले काही त्यांच्याजवळ आपोआप उरत नाही. रोज सकाळी तोच कारकून नव्याने रुजू व्हावा तसा प्रकार. म्हणून त्याच्यासाठी बाहेर एक रोजकीर्द ठेवितात आणि कामास बसविताना तीतील हवी ती पाने त्याच्यापुढे टाकतात. ही रोजकीर्द ज्याच्या कोठीत असेल त्याची मर्जी फिरली किंवा धंदा बसला, की आपला कारकून पुन्हा कोरा! यावर योजिलेला उपाय असा: प्रत्येक नोंदीच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढावयाचा. त्यास हॅश म्हणतात. मजकुरातील एक काना बदलला तरी ठसा निराळा येतो. मग नोंद मागावयाची ती अमक्या कोठीतील म्हणून नव्हे, तर अमक्या ठशाची म्हणून. ज्याच्याजवळ असेल त्याने द्यावी, घेणाऱ्याने ठसा ताडून पाहावा. खाजगी मजकूर असेल तर तो आधी गुप्तलिपीत घालावा. २०१५ साली प्रचारात आलेली आयपीएफएस ही व्यवस्था अशी चालते. आर्वीव्ह, २०१८ ची, आरंभीच एकदा द्रव्य घेऊन त्याच्या निधीतून पुढचा सांभाळ करू म्हणते. २०२० पासून चालू झालेल्या फाइलकॉइनमध्ये नोंद सांभाळणाऱ्यास भाडे मिळते, व ती आपल्याजवळ खरोखरच आहे हे त्यास वरचेवर सिद्ध करून द्यावे लागते.

पुतण्यास हे सर्व अगदी नवे वाटत होते. मी त्याच्यापुढे त्याच्याच घरचा एक वतनी कागद धरला. अशा पत्रांच्या अखेरीस एक ठराविक आज्ञा असते: दर साली नवे पत्र मागू नये, या पत्राची नक्कल करून घ्यावी आणि अस्सल वतनदारास परत द्यावे. म्हणजे अस्सल घरी, नक्कल देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरी, आणि आणखी एक जेथून पत्र निघाले तेथे. माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मर्यादेचा शिक्का, जेणेकरून खाली कोणी ओळ वाढवू नये. गोतसभेचा महजर झाला तर त्यावर जमलेल्या सर्वांच्या निशाण्या: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. एका घरचा कागद जळाला तर दुसऱ्या घरच्या कागदावरून वतन सिद्ध करावे, हीच या व्यवस्थेतील मेख. आमच्या पूर्वजांस गणिताचा ठसा ठाऊक नव्हता. पण एका कोठीवर भिस्त ठेवू नये, एवढे त्यांस पुरते कळत होते.

ते कळण्यास कारणही तसेच होते. महाडापासून रायगड किती जवळ! तेथे राज्याचे मुख्य दप्तर होते. १६८९ साली इतिकादखानाने, म्हणजे पुढील जुल्फिकारखानाने, गड घेतला. येसूबाई व बाळ शाहू शत्रूच्या हाती पडले. आणि त्या धामधुमीत दप्तर गेले. हिंदुस्थानातील अत्यंत बळकट अशा दुर्गांपैकी एकावर ठेवलेले कागद गेले! राजाराममहाराज दक्षिणेत जिंजीस पोहोचले, आणि थोरल्या महाराजांचे चरित्र लिहून द्या असे त्यांनी कृष्णाजी अनंत सभासदास सांगितले, तेव्हा त्या वृद्धाजवळ मुख्यतः स्वतःची आठवणच होती. पुढे १८१८ च्या मे महिन्यात प्रॉथरच्या तोफांनी रायगडावर आग लावली, तीत वाडेही भस्म झाले. आज गडावर इतिहास पाहावयास मिळतो तो दगडांचा. कागदांचा इतिहास गडाखालच्या घरांतून गोळा करावा लागला.

तो कसा गोळा झाला याचे शिवजन्मतिथीइतके सुंदर उदाहरण दुसरे नाही. उत्तरकालीन बखरींतून पुष्कळ ठिकाणी शके १५४९, म्हणजे इसवी १६२७, असे जन्मवर्ष दिलेले असे, आणि शाळेच्या पुस्तकांतूनही तेच चाले. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी भोरकडील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली प्रकाशात आणली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. जोधपुरास एका ज्योतिषसंग्रहात महाराजांची कुंडली निघाली. तिचीही तिथी तीच. आणि १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरच्या सरस्वतीमहालातील ‘शिवभारत’ संपादून छापले. परमानंदही तेच वर्ष व तीच तिथी सांगतो. मावळातला देशमुख, मारवाडातला जोशी आणि दरबारचा कवी! एकाने आपल्या घराण्याच्या सेवेची याद राहावी म्हणून लिहिले, दुसऱ्याने ग्रह मांडण्यासाठी, तिसऱ्याने यशोगानासाठी. कोणी कोणाचे पाहून लिहिले नव्हते. म्हणूनच तिघांची एकवाक्यता होताच किरकोळ शंकांसही फारसा थारा उरला नाही आणि १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस अभ्यासकांत मान्य होत गेला.

येथे मी पुतण्यास थांबवून एक गोष्ट सांगितली, व ती या लेखाचा गाभाच आहे. शके १५४९ सांगणाऱ्या बखरींची संख्या काही थोडी नव्हती. पण एकीवरून दुसरी उतरलेली असेल तर दहा बखरी मिळूनही साक्षीदार एकच. नक्कल निराळी आणि साक्ष निराळी. विकेंद्रित कोठ्यांत एजंटाची नोंद शंभर ठिकाणी राहील. ठसा ताडून ती बदललेली नाही हेही कळेल. पण एजंटाने मोडी वाचताना ‘सन’ चुकविला असेल तर तीच चूक शंभर ठिकाणी, अढळ आणि बिनतक्रार, नांदत राहील. पुढचा एजंट ती आपली स्मृती म्हणून वाचील व तीवर आणखी रचील. पुष्कळांच्या तोंडी फार दिवस असलेली गोष्ट म्हणजे खरी गोष्ट नव्हे, हे महाडकरांस तरी निराळे सांगावयास नको. चवदार तळ्याच्या खटल्यात फिर्यादींचा सारा भर अस्पृश्यांस पाणी न भरू देण्याची रूढी अनादि आहे यावर होता. ती तशी सिद्ध झालेली नाही, असा निकाल मुंबईच्या हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

कायमच्या या शब्दाविषयीही मला शंका आहे. आमचे कागद दोन-तीनशे वर्षे टिकले ते काही इतिहासप्रेमामुळे नव्हे. त्यांवर वतन चाले, म्हणून टिकले. वाळवी लागली की घरची मंडळी घाबरत, कारण वाळवी हक्कास लागे. खोती १९४९ च्या कायद्याने आणि परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. त्याबरोबर कागदांचा उपयोग संपला. कित्येक रुमाल रद्दीत गेले, कित्येक बंबात. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास घेतली आणि गावोगाव वणवण केली, ती फार उशिरा नाही झाली हे आमचे भाग्य. नव्या व्यवस्थेतही सांभाळणाऱ्यास काही तरी मिळावे लागते. आयपीएफएसमध्ये ठसा चिरंजीव असतो, पण ती नोंद मुद्दाम राखून ठेवणारा कोणीच उरला नाही, तर पत्ता शिल्लक आणि घर नाहीसे. फाइलकॉइनचे भाडे थांबले की राखणदार मोकळा. आणि या साऱ्या राखणदारांचे कारण एकच, पैसा. देशमुख, जोशी व कवी यांची कारणे निरनिराळी होती. एक कारण बुडाले तर एक दप्तर बुडे. तरीही पूर आलेल्या गावी मी नक्कल करू नका असे कसे म्हणू? छायाचित्रे घ्या, एक संच पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाला विचारून पाहा, एक दूरच्या आप्तांकडे ठेवा, आणि पुतण्याच्या जाळ्यातही खुशाल टाका, असा सल्ला मी दिला. एजंटाच्या वाचनाशेजारी मूळ कागदाचे चित्र नेहमी दिसावे आणि माणसाने केलेले वाचन निराळे राहावे, एवढी अट घातली. पुतण्याने ती मान्य केली. मुलगा समंजस आहे.

अडचण निघाली ती तिसऱ्या रुमालात. त्यात कर्जाचे रोखे होते. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीचे, खालच्या वाड्यांतील कुणब्यांनी करून दिलेले, नावानिशी, नांगराच्या निशाणीसह. स्नेही ते पाहून गप्प झाले. मग म्हणाले, “सर, ही घरे आजही आहेत. त्यांची मुले आमच्या मुलांबरोबर शाळेत जातात. हे पुसता येईल काय?” पुतण्या म्हणाला, “पुसता येत नाही, हाच तर त्याचा गुण.”

मला सुपे आठवले. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील त्या गावी रयतेने सावकारांच्या घरांत शिरून रोखे व वह्या हस्तगत केल्या आणि जाळल्या. त्यांस धान्य व कापड यांपेक्षा त्या कागदांची भीती अधिक होती. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने रोखे गावच्या रजिस्ट्रारासमोर करून नोंदविण्याची तजवीज केली, म्हणजे जाळून पुसण्याचा मार्ग जवळजवळ बंद केला. परंतु त्याचबरोबर रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती हे तपासण्याचा अधिकार कोर्टास दिला. कागद राहू द्यावा, पण त्याचा शब्द शेवटचा मानू नये, असा तो तोडगा होता. मी स्नेह्यांस तो सांगितला. कोकणातील कुळांचा आर्थिक इतिहास लिहावयाचा तर असे रोखेच हवेत, अशी इतिहासाच्या वतीने रदबदलीही केली. त्यात माझा स्वार्थ होता हे कबूल केले पाहिजे.

ते म्हणाले, “फारखत दाखवा, मग रोखे देतो. कर्ज लिहिलेले राहील आणि फेडलेले राहणार नाही, असे माझ्या घरून होणे नाही.”

आम्ही दोन दिवस वाचलेले तिन्ही रुमाल कागदन्‌कागद उलटून पाहिले. फारखत एकही मिळाली नाही. पेटीच्या झाकणाच्या आत त्यांच्या आजोबांच्या हातची एक यादी चिकटविलेली आहे, पाण्याने निम्मी पुसलेली. तीवरून पावत्या व फारखती चौथ्या रुमालात होत्या असे दिसते. चौथा आणि पाचवा रुमाल म्हणजे तो लगदा. बाकीचे कागद पुतण्याच्या यंत्रात गेले. रोखे पुन्हा पेटीत ठेवले आहेत, आणि पेटी आता माळ्यावर आहे.