रिंगणातून रंगमंचावर

जादू ही विद्या की लबाडी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दोरीवरून आकाशात चढणाऱ्या मायावीचा दृष्टांत दिला आहे. वर चढलेला दिसतो तो भास. खरा मायावी जमिनीवरच असतो. दृष्टांत नेहमी श्रोत्यांच्या ओळखीच्या गोष्टीचा देतात. तेव्हा जादूगाराची कला त्या काळी लोकांच्या नित्य परिचयाची होती, असे मानावयास हरकत नाही.

या कलेची पहिली शाळा म्हणजे गारुड्याचे रिंगण. घोडनदीच्या छावणीमुळे शिरूरला आणि आगगाडीमुळे दौंडला वर्दळ आली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर तर दौंड मोठे जंक्शनच झाले. जेथे माणसे थांबतात, तेथे डमरू वाजवावयास जागा मिळते. पण ही शाळा मोठी कडक! प्रेक्षक चहूबाजूंनी, वर भरउजेड. आडपडदा नाही, मेज नाही. गारुडी बसून तीन वाट्या आणि कापडाच्या गोळ्या यांचा खेळ करतो, त्यात सारी भिस्त बोटांवर, नजरेवर आणि अखंड बोलण्यावर. जमुरा म्हणून मांडीला मांडी लावून बसणारा पोर हे सारे पाहत पाहतच शिकतो. लोकांनी हाताकडे पाहू नये असे वाटत असेल, तर आपणही हाताकडे पाहता कामा नये, हा त्याचा पहिला धडा.

तीच कला उभ्याने, रंगमंचावर करावयाची म्हणजे निराळा अभ्यास आला. फ्रान्समधील रॉबेर-हूदँ हा मूळचा घड्याळजी. १८४५ मध्ये त्याने पॅरिसला स्वतःचे नाट्यगृह काढले, जादूगाराचा चित्रविचित्र झगा टाकला आणि सभ्य गृहस्थाच्या साध्या पोशाखात तो लोकांपुढे उभा राहिला. जादूगार हा जादूगाराची भूमिका करणारा नट आहे, असे तो म्हणे. प्रेक्षक एका बाजूला गेले, तेव्हा लपविणे सोपे झाले. परंतु शेवटच्या रांगेपर्यंत पोचणे अवघड झाले. रुपया नाहीसा करणारी बोटे तेथून दिसत नाहीत. तेव्हा चालणे, थांबणे आणि शब्द यांनीच तो रुपया मोठा करावा लागतो.

आपल्याकडे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी ‘इंद्रजाल’ जगभर नेले. १९५६ मध्ये त्यांनी लंडनच्या दूरचित्रवाणीवर मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला, तेव्हा ती खरोखरच मेली असे वाटून प्रेक्षक हादरले. मराठी मुलखात हे काम पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी (१९२४–१९८४) केले आणि पुढे पुत्र विजय व नातू जितेंद्र यांनी ती परंपरा चालविली.

रंगमंचाला असा मान मिळत असता रिंगणाचे काय झाले? मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी खेळ करून दान मागणेही भिक्षेतच मोडले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गारुड्याची टोपली रिकामी केली. सापांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु टोपलीबरोबर हातातली विद्याही गेली, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. एकच खेळ तिकीट लावून केला तर कला आणि रस्त्यावर केला तर भीक, हा न्याय आम्हांस पटत नाही.

आणखी एक गोष्ट. हवेतून अंगारा काढणारा बुवा आणि हवेतून रुपया काढणारा जादूगार यांची हातचलाखी एकच असते. भेद एवढाच, की जादूगार ‘हा खेळ आहे’ असे सांगून फसवितो आणि बुवा तेवढेच सांगत नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो त्या बुवासाठी, जादूगारासाठी नव्हे. ज्या गावातील मुले दोन-चार हातचलाख्या मन लावून शिकतील, त्या गावात बुवाला बस्तान बसविणे कठीण जाईल. म्हणून शाळेच्या संमेलनात एखादा मुलगा रुमाल घेऊन उभा राहिला, तर त्याला हसू नये. तो फसवावयास शिकत आहे खरा. पण त्याबरोबरच न फसण्याचेही शिक्षण त्यास मिळत आहे.