धोक्यातल्या घरांची यादी : वऱ्हाड, २००६

१/ शिक्षण अर्धवट सोडण्याच्या बेतात असलेला विद्यार्थी आकडेवारीवरून आधीच हेरावा, अशी चर्चा आज महाविद्यालयांत चालते. संकटाची अशीच चाहूल घेण्याचा मोठा प्रयत्न वऱ्हाडाने २००६ मध्ये पाहिला.

२/ अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि शेजारचा वर्धा हे आत्महत्याग्रस्त जिल्हे. सरकारी यंत्रणा तेथील सुमारे १७.६४ लाख शेतकरी कुटुंबांच्या दारी गेली. कर्जाबरोबर घरातील दीर्घ आजार आणि लग्नाला आलेली मुलगी यांचीही नोंद झाली. (मुलीचे लग्न संकटाची खूण म्हणून सरकारदप्तरी चढावे, यातच बरेच काही आले.)

३/ सुमारे ४.३४ लाख कुटुंबे अत्यंत संकटात आढळली. जवळजवळ प्रत्येक चौथे घर! मोजकी घरे वेचण्याचा हेतू येथेच कोलमडला.

४/ जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी या जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. भर सिंचन आणि व्याजमाफीवर होता. अडचणीतील कुटुंबांना थेट मदतीसाठी प्रत्येक जिल्ह्यास पंतप्रधान साहाय्यता निधीतून ५० लाख मिळाले, म्हणजे एकूण ३ कोटी. यादीतील घरांत ते समान वाटले असते, तर घरटी ७० रुपयेही आले नसते.