आडाची गोष्ट आणि मुक्त सॉफ्टवेअर

विकत घेतलेल्या यंत्राने कसे वागावे, हे कोणी ठरवायचे? मुक्त सॉफ्टवेअरच्या मुळाशी असलेला हा प्रश्न 'आडा आणि त्सांगेमान' ही जर्मन परीकथा (२०२१) मुलांपुढे ठेवते. लेखक मथियास किर्शनर, चित्रे सांड्रा ब्रांडश्टेटर यांची. त्सांगेमान या विख्यात संशोधकाचे स्केटबोर्ड आणि आइस्क्रीमची यंत्रे विकली गेल्यावरही त्याच्याच हुकमात राहतात. आडा मात्र भंगारातील वस्तू जुळवून स्वतःची यंत्रे घडविते, त्यांचे प्रोग्रॅमही लिहिते. 'सोर्स कोड'ची व्याख्या मुलांना पाठ करावी लागत नाही, हे एक बरे झाले. पुस्तकही मुक्त परवान्याचेच : श्रेय देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून कोणालाही त्याचे भाषांतर करता येते. फ्रेंच अनुवाद तर जर्मन शिकणाऱ्या शंभराहून अधिक शाळकरी मुलांनी केला. ही कथा मराठीत आणण्यासाठीही वेगळ्या अनुमतीची वाट पाहावी लागणार नाही.