तळटीप : ‘ठिपका रेषेबाहेर गेला’

* लेखक इथे बोलतो आहे ते नियंत्रण आलेखाबद्दल. कारखान्यात त्याला ‘कंट्रोल चार्ट’च म्हणतात. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांना पाठवलेल्या छोट्या टिपणात तो पहिल्यांदा रेखाटला. लेथवर शाफ्ट कातले जात असतील, तर दर तासाला सलग पाच नग उचलायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा आणि सरासरीचा ठिपका कागदावर मांडायचा. मधली रेषा प्रक्रियेच्या एकूण सरासरीची. वरची आणि खालची त्या सरासऱ्यांच्या तीन प्रमाण विचलनांवर. या रेषा मशीनच्या स्वतःच्या वागणुकीतून निघतात. ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी त्यांचा संबंध नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते. काहीही बिघडलेले नसताना ठिपका बाहेर पडण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे २७ इतकीच, म्हणून तो बाहेर गेला की कारण शोधायला मशीनपाशी जायचे. उलट, आतल्या प्रत्येक हेलकाव्यावर सेटिंग बदलत बसणारा कामगार, कितीही तळमळीचा असला तरी, फरक वाढवतोच. सगळे ठिपके आत असूनही ते ओळीने वर चढत असतील, तर टूलची धार झिजत असल्याची शंका घ्यावी. धार मागे हटते तसा शाफ्ट जाड होत जातो. शूहार्ट पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. — संपादक